पुल्गा हंबरली तेव्हा

आर्सेसिओच्या गोठ्यात कुठलंही जनावर ओरडलं की त्यावर एकच औषध होतं, ते म्हणजे दूध. कान दुखत असो, आई चरायला लांब गेलेली असो, नाहीतर डोंगरावरून धुकं उतरलं म्हणून वासरू नुसतंच बावरलेलं असो, आर्सेसिओ अंगावर लोकरीचा रुआना ओढून पातेलं घेऊन निघायचाच. त्याची बायको रुबिएला म्हणायची, "अहो, उद्या कुंपणाचं फाटक करकरलं तरी तुम्ही त्याला बाटली लावाल." तो हसायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे झालं ते सगळं त्याच्या चांगुलपणानंच झालं, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

पुल्गा जन्मली ऑगस्टातल्या एका वादळी सकाळी, दिवस भरायच्या आधीच. तिची आई म्हणजे आर्सेसिओची सगळ्यात जुनी आणि लाडकी गाय. त्या बाळंतपणानंतर ती पुन्हा कधी गाभण राहिली नाही. वासरू एवढंसं होतं की रुबिएलानं त्याला पोत्यात गुंडाळून चुलीपाशी आणलं, तेव्हा तिथलं मांजर जागचं हललंसुद्धा नाही. आणखी एक मांजर आलं असेल, असंच त्याला वाटलं असावं. पुल्गा म्हणजे पिसू. नाव रुबिएलानंच ठेवलं, आणि नाव ठेवून झाल्यावर ती कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आली, कारण हे वासरू संध्याकाळ बघेल असं तिला वाटत नव्हतं.

आर्सेसिओ भिंतीवरच्या सान इसिद्रोच्या तसबिरीपुढे हॅट काढून उभा राहिला. शेतकऱ्यांचा संत तो, त्याच्याशी बोलायला आर्सेसिओला पाद्रीची गरज वाटत नसे. त्याच आठवड्यात त्याच्या दुसऱ्या एका गाईला खोंड झाला होता. इकडे खोंडाचं नशीब ठरलेलं असतं. दुधाच्या गोठ्यात त्याचं काम काय? आठवडाभरात तो ट्रकमध्ये चढतो. आर्सेसिओ संताला म्हणाला, "ही जगली, तर तो खोंड तुमचा. तुमच्या सणाला देवळात आणून देईन. अख्खा देईन, अंगावर एक ओरखडा नसलेला."

अख्खा म्हणजे न बडवलेला, खच्ची न केलेला. संताला अर्धवट जनावर देत नाहीत, असं इकडे सगळेच मानतात. रुबिएलाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बडवून दिला असता तर संत काय परत पाठवणार होता?"

"अगं, असलं बोलू नये."

"बरं, नाही बोलत. पण पुढचे नऊ महिने त्याला सांभाळणार कोण? संत येणार आहे का?"

पुल्गा जगली. आधी चमच्यानं, मग बाटलीनं, मग पातेल्यातून चीक आणि दूध पीत पीत चुलीपासून उठली, आणि एके दिवशी स्वयंपाकघरातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडून मागच्या कुरणात गेली. आर्सेसिओ तिच्या मागे मागे हात पसरून चालत होता, पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरीमागे बाप चालतो तसा. त्या दिवशी त्यानं संताच्या तसबिरीला ताजी फुलं लावली.

इतर कालवडींचं दूध तीन-चार महिन्यांत तुटायचं. पुल्गाचं तुटलंच नाही. सकाळी मेदेयीन शहरात जाणारी दुधाची गाडी यायच्या आत टाकीतलं एक पातेलं तिचं. दुपारी कोंडा, त्यावर मळी ओतलेली. संध्याकाळी दुभत्या गाईंसाठी आणलेल्या खुराकातल्या दोन ओंजळी, आणि त्याच्या ओंजळी काही लहान नव्हत्या. रुबिएला म्हणायची, आता बास करा. तो म्हणायचा, "अगं, ती केवढीशी होती, विसरलीस का?"

"होती. आता दारातून आत येत नाही."

खरंच येत नव्हती. शेजारचा लिबार्दो, ज्याच्या थोरल्या मुलीचा आर्सेसिओ धर्मपिता होता आणि म्हणून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत, तो एकदा कुंपणावर हात टेकून बराच वेळ बघत राहिला. "कोंपाद्रे," तो म्हणाला, "ही तुमची पिसू कुणाला चावून चावून एवढी झाली? माझी दीड वर्षाची कालवड हिच्यापुढे बकरी दिसते." आर्सेसिओनं त्याला आग्रहानं बसवून गुळाचं गरम पाणी पाजलं आणि मक्याची अरेपा खाऊ घातली. त्या वाक्याची चव त्याच्या जिभेवर आठवडाभर होती.

संताचा खोंडही तिच्याबरोबरच वाढत होता. रुबिएलानं त्याच्या गळ्यात लाल फीत बांधली होती, म्हणजे वाट चुकून कुणाच्या शेतात गेला तरी कुणी काठी उगारणार नाही. त्याला ठेवायला दुसरी जागा होती, ओढ्याच्या वरच्या बाजूचा तुकडा. पण तिथे उतार फार आणि पाऊस पडला की चिखल. संताचं जनावर सणाआधी पाय मोडून बसलं तर? म्हणून आर्सेसिओनं त्याला सगळ्यात चांगल्या जागी ठेवलं, घरामागच्या सपाट कुरणात, पुल्गाच्या सोबत.

मार्चमध्ये रुबिएला एकदा धुणं वाळत घालता घालता थांबली. "अहो, तो खोंड हुंगत फिरतोय. वेगळा करा त्याला."

"पोरं आहेत ती. पोरांनी खेळू नये?"

"पोरं असतील. पण अंग बघा ना त्यांची."

तो 'बघू' म्हणाला. ह्या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो ते रुबिएलाला लग्न झाल्यापासून माहीत होतं. तिनं उरलेले कपडे वाळत घातले.

आणि मग एप्रिलमध्ये तो दिवस आला. सकाळपासून पुल्गा हंबरत होती. नेहमीचं नाही, लांब, खोल, पोटातून येणारं. कुंपणाला लागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची, थांबायची, मान वर करून हंबरायची, परत फिरायची. मध्येच दुसऱ्या एका लहान कालवडीच्या पाठीवर तिनं पुढचे पाय टाकले. आर्सेसिओ पातेलं घेऊन गेला. तिनं तोंड घातलं, दुधात फुरफुरली आणि न पिताच मान काढली. असं तिनं कधी केलं नव्हतं. संताचा खोंड तिच्या मागे उभा होता, हनुवटी तिच्या पाठीवर ठेवून. ते बघून आर्सेसिओ हसला. रुबिएलाला हाक मारून त्यानं दाखवायचंही मनात आणलं होतं, पण ती गावात गेली होती.

चाळीस वर्षं ज्यानं गाई पाळल्या त्या माणसाला हे कळलं नाही, असं म्हणायचं तरी कसं? मोठी गाय अशी वागली असती तर त्यानं तीन कुरणं पलीकडून ओळखलं असतं की ही माजावर आली आहे. पण ही पुल्गा. ही आठ महिन्यांची. हिला त्यानं चमच्यानं पाजलेली. डोळ्यांनी पाहिलं सगळं, मनानं ते आत घेतलंच नाही. त्यानं परत जाऊन दुधात मळी कालवून गोड करून आणलं आणि तिच्या तोंडापुढे धरून बसला. उशिरा कधीतरी तिनं ते संपवलं.

दुसऱ्या दिवशी ती शांत होती, गवत खात होती. रुबिएला न्याहारीला बसली तेव्हा आर्सेसिओ तिला म्हणाला, "काल दिवसभर ओरडत होती. शेवटी दुप्पट दूध दिलं. बघ आता कशी गप्प आहे. भूक होती, दुसरं काय!"

मे महिन्यात संताचा सण झाला. देवळापुढच्या चौकात बैल, गाढवं, कोंबड्या, एक पोपटसुद्धा, सगळ्यांच्या अंगावर पवित्र पाणी शिंपडलं गेलं. लाल फितीच्या खोंडाचा लिलाव झाला आणि पलीकडच्या खोऱ्यातला कुणीतरी त्याला घेऊन गेला. आर्सेसिओच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. शब्द दिला होता, पाळला. पुल्गालाही त्यानं दोरी लावून मिरवायला नेलं होतं, आणि पाद्रीनं विचारलं, "ही गाय कितव्या वेताची?" तेव्हा चौकातले सगळे हसले आणि आर्सेसिओ इतका फुलला की त्या दिवशी तो लिबार्दोच्या दुप्पट प्यायला.

सप्टेंबरात त्यानं दुबानला बोलावलं. दुबान जनावरांचा डॉक्टर. लहानपणी त्याच्या बाप्तिस्म्याला आर्सेसिओनंच त्याला हातावर धरलं होतं, म्हणून तो अजून त्याला 'पाद्रिनो' म्हणायचा आणि मोटरसायकलवरून उतरला की आधी मान झुकवून आशीर्वाद मागायचा.

"देव तुझं भलं करो," आर्सेसिओनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चल, माझी पोर बघ. आता तिला फळवायला हरकत नाही ना?"

"अंगानं तर केव्हाच झाली," दुबान म्हणाला. त्यानं पहिल्या वेतासाठी मुद्दाम अशा वळूचं रेत आणलं होतं, ज्याची वासरं लहान आणि बारीक डोक्याची होतात. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यानं आत हात घातला. हात आतच ठेवून त्यानं एकदा आर्सेसिओकडे पाहिलं, एकदा डोंगराकडे.

"पाद्रिनो, माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलंय."

"म्हणजे?"

"गाभण आहे. पाच महिने तरी झालेत."

"गाभण? कुणापासून? माझ्या रानात बैलाचं नावसुद्धा नाही!"

रुबिएला गुळाच्या पाण्याचे पेले घेऊन येत होती. तिनं ते सावकाश दगडी गडग्यावर ठेवले. "होता की," ती म्हणाली. "लाल फितीवाला."

दुबाननं हातमोजा काढून उलटा केला.

"पण ती तर आठ महिन्यांची होती," आर्सेसिओ म्हणाला.

"पाद्रिनो, अंगाला वय मोजता येत नाही. अंग वजन बघतं. तुम्ही हिला इतकं भरवलंत की अंगाला वाटलं, झालो मोठे. म्हणून ही एवढ्या लवकर माजावर आली. पण हाडांना घाई करता येत नाही. बाहेरून बघाल तर गाय, आत वाट अजून वासराचीच." त्यानं पुल्गाच्या पाठीवर हात ठेवला. "हंबरली असेल ना एखादा दिवस? दूध तोंडात घेतलं नसेल. पाहिलं नाही का कुणी?"

"नाही," आर्सेसिओ म्हणाला.

रुबिएलानं त्याच्याकडे पाहिलं. न्याहारीच्या वेळचं बोलणं तिला आठवलं, आणि तिला आठवलंय हे त्यालाही कळलं. तरी त्यानं शब्द मागे घेतला नाही.

दुबाननं स्पष्ट सांगितलं. याच आठवड्यात इंजेक्शन दिलं तर गाभ पडून जाईल, थोडे दिवस काळजी घेतली की झालं. पुढे त्याचा नेम नाही. आणि नाहीच दिलं तर? "तर काहीजणी सुटतात," तो म्हणाला. "मी पाहिल्या आहेत. ही अंगानं मोठी आहे, कदाचित निभावेलही. पण माझी असती तर मी दिलं असतं."

"मला विचार करू दे. फोन करतो."

फोन चुलीच्या बाजूच्या फळीवर होता, संताच्या तसबिरीच्या बरोब्बर खाली. आर्सेसिओ रोज तिथे जायचा आणि तसबिरीकडे बघून परत यायचा. तिच्या पोटात वाढतंय ते संताच्याच खोंडाचं. संतानं पुल्गाचा जीव दिला, त्यानंच हेही दिलं नसेल कशावरून? दिलेलं परत करायचं म्हणजे काय? असं तो रुबिएलाला सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, जी तो सांगत नव्हता. इंजेक्शन द्यायचं म्हणजे कबूल करायचं की ज्या हातानं तिला जगवलं त्याच हातानं तिचं वाटोळं केलं. त्या हाताकडे बघायचीच त्याला लाज वाटत होती.

"अहो, फोन करा," रुबिएला म्हणाली.

"उद्या करतो."

त्यात भर म्हणजे बातमी फुटली. डोंगराच्या वळणावर सगळे दुधाचे कॅन घेऊन गाडीची वाट बघत उभे राहतात, तिथे लिबार्दोनं पहिला टोला मारला. "कोंपाद्रे, संताचा नातू कधी येतोय?" सगळे खदखदून हसले. दुसरा म्हणाला, "बाप्तिस्मा करावा लागेल हो, घराणं मोठं आहे." आर्सेसिओही हसला. मग त्यानंही एक जोडून दिलं, की पोरगा झाला तर थेट पाद्री करणार. आणि एकदा आपणच असं बोलून बसल्यावर, सगळा डोंगर त्या वासराची वाट बघायला लागल्यावर, फोन उचलणं आणखी जड झालं. तो आठवडा गेला. फोन फळीवरच राहिला.

त्यानंतर रुबिएलानं विषय काढला नाही. तिनं फक्त खुराकाच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात ठेवली. आर्सेसिओकडे दुसरी किल्ली होती. दोन जिवांचं पोट आहे, एवढंच तो स्वतःशी म्हणायचा.

जानेवारीत, स्वच्छ ऊन पडलेल्या एका सकाळी, पुल्गा खाली बसली. आधी दोन खूर दिसले, जाडजूड. मग बराच वेळ काहीच नाही. दुबान दुसऱ्या डोंगरावर होता. तो येईपर्यंत वासराचं डोकं आणि खांदे बाहेर आले होते आणि ते कमरेशी अडकलं होतं.

"पोट फाडून काढ," आर्सेसिओ म्हणाला. "काहीही कर, पण फाडून काढ."

"आता मागे नेता येत नाही, पाद्रिनो. दोर धरा."

दुबान, लिबार्दो आणि आर्सेसिओ, तिघांनी दोर धरले. रुबिएला चिखलात बसून पुल्गाचं डोकं मांडीवर घेऊन होती. एवढ्याशा कारणानं जी सगळं रान डोक्यावर घ्यायची ती पुल्गा त्या दिवशी ओरडली नाही. नुसते डोळे मोठे करून श्वास टाकत राहिली. दुबान म्हणायचा 'आता', मग ते ओढायचे. तो म्हणायचा 'थांबा', मग थांबायचे. आपण काय ओढतोय आणि कशातून, ते आर्सेसिओला हातांत कळत होतं. आत काहीतरी सरकलं आणि वासरू सगळंच्या सगळं बाहेर येऊन पडलं. कालवड होती. दुबाननं तिच्या नाकात गवताची काडी घातली, लिबार्दोनं छाती चोळली, आणि ती शिंकली.

पुल्गा उठली नाही. आतल्या नसा चिरडल्या होत्या. मागचे पाय दोन बाजूंना पसरलेले, जणू ते तिचे नव्हतेच.

पुढचे दिवस सगळ्यांनी जीव तोडून केलं. लिबार्दोनं आपल्या घरचा पेंढा आणला, एकदाही थट्टा न करता. दिवसातून अनेकदा चौघं मिळून तिला कूस बदलून द्यायचे, पट्टे घालून उचलायचे. पट्टे सैल केले की ती ओल्या पोत्यासारखी खाली यायची. आर्सेसिओ तिच्यापाशीच बसलेला असायचा. तो घास तोडून आणायचा, ती खायची. कोंडा आणायचा, ती खायची. पातेलं आणलं की ती चाटून पुसून ठेवायची.

"खातेय ना," तो दुबानला म्हणाला. "खातेय म्हणजे उठेल."

दुबान खाली बसला. "खाणं हिचं कधी बंदच नव्हतं, पाद्रिनो."

एवढं बोलून त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. पण आर्सेसिओ रागावला नाही.

संध्याकाळी आर्सेसिओ रुबिएलाला म्हणाला, "मी संताला काय मागितलं होतं? ही जगावी एवढंच ना? मग त्यानं असं का केलं?"

रुबिएला भांडी घासत होती. "संतानं काय केलं? त्यानं दोघांनाही धडधाकट ठेवलं. मधलं कुंपण आपण घालायचं होतं." मग तिचा आवाज मऊ झाला. "मीही नुसतं बोलले. मलाही त्या खोंडाची दोरी धरून वरच्या तुकड्यात नेता आलं असतं. एवढं काय अवघड होतं?"

पुल्गाच्या कुशीवर जखमा पडायला लागल्या तेव्हा दुबान परत आला. मोटरसायकल लावून तो जवळ आला, पण त्या दिवशी त्यानं आशीर्वाद मागितला नाही. आर्सेसिओच पुढे झाला आणि त्यानं आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. हात तिथेच राहिला.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये. दिवसभर हंबरत होती, दूध घेत नव्हती. तो खोंड मागे उभा होता. मी सगळं पाहिलं. मी तिला गोड करून दूध दिलं."

"मला माहीत होतं, पाद्रिनो."

"तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो."

"तेही माहीत होतं."

आर्सेसिओनं शेवटचं पातेलं आणलं. पुल्गा प्यायली, नेहमीसारखी, कानापर्यंत फेस करून. तिचं पिऊन संपेपर्यंत दुबान हातात सुई घेऊन थांबला.

तिच्या वासराला आर्सेसिओनं नाव ठेवलं नाही. रुबिएलानं दोन-तीन सुचवली, तो नुसतंच 'बघू' म्हणाला. वासराला पाजायचं काम त्यानं रुबिएलाकडे दिलं. दुबाननं सांगितलेलं माप होतं, त्या मापानं ती पाजायची. तो लांबून बघायचा. वासरू बेताचं होतं, ना मोठं ना लहान, चारचौघींसारखं. लिबार्दो कुंपणापाशी आला तरी त्याला त्यात बोलण्यासारखं काही सापडायचं नाही.

मे उजाडला. संताच्या सणाची सकाळ आणि त्या वासराचं दूध तोडण्याचा आठवडा नेमके एकत्र आले. खाली गावात फटाके वाजत होते, बँडचा आवाज वाऱ्यावर येत होता. आर्सेसिओनं या वर्षी कुठलंही जनावर खाली नेलं नाही. तो धुतलेला सदरा घालून स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला होता, आणि मागच्या कुरणातून वासरू ओरडत होतं. आदल्या दिवसापासून ओरडत होतं. घसा बसत आला होता तरी थांबत नव्हतं.

शेवटी रुबिएलालाच सहन होईना. जी बाई सगळा जन्म 'बास करा' म्हणत आली, तीच उठली आणि तिनं पातेल्यात दूध ओतलं. "थोडंसं," ती म्हणाली. "आजच्या दिवस. सण आहे हो. बिचारीला आई नाही."

आर्सेसिओनं तिचं मनगट धरलं. जोरानं नाही. "ओत ते परत," तो म्हणाला.

"अहो, ऐकवत नाही मला."

"मलाही नाही."

तो उठला, मोकळ्या हातांनी बाहेर गेला. त्याला येताना बघून वासरू कुंपणाशी धावत आलं आणि त्याच्या हातांत तोंड खुपसून पातेलं शोधायला लागलं. पातेलं नव्हतं, म्हणून त्याची बोटंच चोखायला लागलं. आर्सेसिओनं ती चोखू दिली. दुसऱ्या हातानं त्यानं वासराच्या पाठीवरून मागेपर्यंत हात फिरवला, शेपटी उचलून पाहिली, पोटाला हात लावला, डोळ्यांत पाहिलं. सावकाश, घाई न करता. एवढी लहान आहे, काही असणार नाही, हे त्याला माहीत होतं. पुल्गाच्या वेळीही त्याला तेच माहीत होतं.

बोटांतून काही येत नाही हे वासराला कळलं. ते मागे सरलं, मान वर केली आणि पुन्हा ओरडलं. तो तिथेच उभा राहून ऐकत होता, एका आवाजानंतर दुसरा, कान देऊन. रुबिएला दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्यानं मागे न बघता सांगितलं, "भूकच आहे. आज खरंच नुसती भूक आहे."

आणि तो तिथून हललाही नाही, आणि त्यानं वासराला काही दिलंही नाही.